दह्याचा थेंब

आदिलाबादच्या शाळेत नवा मायक्रोस्कोप आला, तसा नागनाथ मास्तरांनी हौसेनं आईला घरच्या दह्याचा थेंब त्यात दाखवला. दाखवला आणि जीभ चावली. वरणात मुंगी दिसली तरी पातेलं ओतून देणारी चंपाबाई. तिच्यापुढं आता हजारो जंतू वळवळत होते!

"जिते हायेत काय रे हे?" डोळा न काढता तिनं विचारलं.

"हो माय. यायच्यानंच दही लागते. रोजच्या विरजणातून यायचाच वंश पुढं चालते."

उद्यापासून घरात दही बंद, मास्तरांनी गृहीत धरलं.

चंपाबाई मात्र खुदकन हसली. "लग्नात माह्या मायनं वाटीभर विरजण बांधून देल्लं होतं. चाळीस साल तेच चालवून राह्यली. माहेरचं कोनी उरलं नाही, असं वाटे मले. अन् पाह्य, केवढा गोतावळा!"