तीन नंबरचा कॅमेरा

सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी दीक्षाने चौथ्यांदा पासवर्ड टाकला. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा पासवर्डच मागू लागली.

"नऊपास्नं ह्योच खेळ चाललाय," पोपटराव म्हणाले. "दारातनं आत घेतंय आन् लगीच हाकलून देतंय. पावण्याला असं कुणी करतं व्हय?"

राहू गावच्या शिवारातली ही पोपटरावांची, विहिरीवरच्या मोटारीची खोली. चहूबाजूंनी ऊस. आत एक खाट, खाटेखाली मोत्या कुत्रा, टेबलावर कॉम्प्युटर. पुतण्या भारतने तो बसवून दिला होता. लिनक्सवर चालणारा, चार कॅमेऱ्यांपैकी कुणासमोर काही हललं की आपोआप रेकॉर्ड करणारा. भारत शिक्रापूरला कंपनीत, ड्युटीवर फोन बंद. म्हणून वरवंडच्या, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दीक्षाला बोलावणं गेलं होतं.

बारा वाजता वनखात्याचे साहेब येणार होते. पिंजरा एकच, मागणारी गावं तीन. जो बिबट्या दाखवील, पिंजरा त्याच्या शिवारात.

"दोन महिन्यात तीनदा गावलाय कॅमेऱ्यात," पोपटराव म्हणाले. "पण दाखवायला स्क्रीन तर पायजे. ही रोज एकटी वैरणीला जाती. माझा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई."

"माझ्या अंगावर हाय काय? नुसती हाडं," त्यांची बायको भागुबाई दारातून म्हणाली. "बिबट्या तोंड वाकडं करून माघारी जाईल. पोरी, घरनं चहा आणते. गोड पितीस न्हवं?"

"चालेल, मावशी."

भागुबाई उसातल्या पायवाटेने घराकडे गेली.

दीक्षाने तीन बटणं एकदम दाबली. रंगीत चित्र गेलं, काळ्यावर पांढरी अक्षरं आली. इथे मात्र पासवर्ड चालला. तिने दोन ओळी टाइप केल्या आणि मान डोलावली.

"डिस्क गच्च भरलीय, आबा. शंभर टक्के. आत आल्यावर पाय ठेवायला जागा नाही, म्हणून बाहेर काढतंय."

"मग पुसा की."

"काय पुसू?"

"जुनं कायबी पुसायचं न्हाई. साहेबाला त्येच दाखवायचंय."

तिने तारखेप्रमाणे यादी लावली. जुनं बरंच होतं, पण उरलेली जागा आजच्या सकाळने खाल्ली होती. सहा दहापासून नऊपर्यंत एकच कॅमेरा सलग, न थांबता चालू होता.

"तीन नंबर कुठला, आबा?"

"एक नंबर पायवाट, दोन नंबर विहीर, तीन म्हंजी मागची कडब्याची गंजी."

दीक्षाने सावली बघून स्कूटी तिथेच लावली होती. तेव्हा कडब्यात काहीतरी खसफसलं होतं, उंदीर असावेत.

"वरची ताडपत्री फडफडत असेल. कॅमेऱ्याला ताडपत्री काय न् बिबट्या काय, हललं की रेकॉर्ड."

"आज वारं कुठाय, ताई?"

"थोडंसंही पुरतं."

पोपटरावांनी खाटेखाली भाकरीचा तुकडा टाकला. मोत्याने वासही घेतला नाही. "ह्येचंबी सकाळधरनं रुसणं चाललंय. भाईर म्हणून येत न्हाई."

दीक्षाने तीन नंबरचं सकाळचं सगळं रेकॉर्डिंग पुसलं. डिस्क एक्क्याण्णव टक्क्यांवर आली. तिने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि पासवर्ड टाकला.

स्क्रीन काळी झाली, आणि या खेपेला उजळली. चार कॅमेऱ्यांच्या चार चौकटी उघडल्या.

तिसऱ्या चौकटीत, गंजीच्या पायथ्याशी, बिबट्याची दोन पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. जरा बाजूला पुढच्या पायांवर मान टाकून मादी पडली होती.

पोपटरावांनी मांडीवर थाप मारली. "बघा! हाय का न्हाई? साहेबाला ह्येच दावा. कवाचं हाय ह्ये?"

दीक्षा तारीख शोधायला पुढे वाकली. पिल्लांच्या मागे निळी स्कूटी उभी होती. सीटवर तिचं हेल्मेट होतं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मावशींना फोन लावा."

"तिच्याकडं कुठला फोन? आलीच बघा ती."

पहिल्या चौकटीत, पायवाटेवरून, हातात किटली घेऊन भागुबाई येत होती.

तिसऱ्या चौकटीत आता फक्त दोन पिल्लं होती.