बर्फावरचा प्रणित

पोटचा पोरगा असून प्रणितला आईशी दोन शब्द बोलायला सवड नव्हती. पेंग्विनचे फोटो काढायला मात्र होती.

"आज काय पाठवलंन गो?" शेजारच्या शरीफाने कुंपणावरून विचारलं.

"बर्फ," धोंडुबाई म्हणाल्या. "कालपण बर्फच होता."

दिवाळीनंतर प्रणित भांडून घराबाहेर पडला होता. "जन्मभर मूर्तींचे डोळे रंगवत बसणार नाय. मला जग बघायचंय," म्हणाला. धोंडुबाईंनीही "बघ जा" म्हणून दार लावून घेतलं. मग महिनाभराने त्याने कळवलं, बोटीवर नोकरी लागली. हौशी पाहुण्यांना पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला नेऊन बर्फ आणि जनावरं दाखवणारी बोट. तेव्हापासून फोटोंची रांग लागली. बर्फाचे डोंगर, देवमाशाची शेपटी, खडकावर लोळणारे सील. फोन केला की उचलत नसे. "रेंज नाय, आई. मजेत हाय," एवढंच फोनवर रेकॉर्ड करून पाठवी.

राग राग करूनही धोंडुबाईंनी ते फोटो पेणभर मिरवले. देवळात, रेशनच्या रांगेत, भाजीवालीपाशी. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला आता दक्षिण ध्रुव तोंडपाठ झाला होता.

पण घरामागच्या कारखान्यात मूर्ती ताटकळल्या होत्या. अमेरिकेला जाणारे गणपती होळीच्या आत पेट्यांत बंद व्हायला हवेत. रंग चढला होता, सोनेरी काठ ओढून झाले होते, आणि सगळ्यांचे डोळे कोरे. व्यापारी रोज फोन करत होता. यंदा माल वेळेत गेला नाही तर पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून घेईन, असं त्याने स्पष्टच सांगितलं होतं.

धोंडुबाईंची नजर अजून घारीची होती, हात मात्र दगा देत होता. कुंचला धरला की बोटं थरथरत. सासूने त्यांना डोळे शिकवले ते वीज नसताना. चिमणी जमिनीवर, मूर्ती पाटावर. उजेड खालून यायचा. म्हणून या घरात बुबुळावरचा पांढरा ठिपका, ती चमक, खालच्या कडेला ठेवतात. बाकी सगळे वर ठेवतात. गिऱ्हाइकं म्हणत, धोंडुबाईंचा गणपती वाकून पोरांकडे बघतो. ती चमक प्रणितला येत होती आणि जुना कारागीर कान्हू याला. आणि कान्हूही पंधरवड्यापूर्वी रोह्याला गेला होता. तिथं नवीन काहीतरी उभं राहतंय, रंगकामाला जास्त रोज मिळतो, म्हणे.

"तुझा पोरगा बोटीवर हाय ना नक्की?" शरीफाने एकदा विचारलंच. "माझा हाशिम बघ, मस्कतला हाय तर दर फोटोत स्वतः दिसतो. तुझ्याकडे नुसती पाखरं."

धोंडुबाईंना ते झोंबलं. त्यांनी तिथल्या तिथे फोन तोंडाजवळ धरला. "प्रणित, तू दिसशील असा फोटो पाठव. पाखराजवळ उभा राहून. नायतर आई म्हणू नको."

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. जाडजूड लाल कोटात प्रणित, मागे निळसर बर्फ, बाजूला कमरेएवढा पेंग्विन, मान वळवून बघणारा.

"हाय की गो बाय!" शरीफाने स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली. "माझी जीभच काळी. किती बारीक झालाय गो. जेवायला देतात की नाय?"

धोंडुबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी पोराचा चेहरा बघितला. मग पेंग्विन बघितला, जरा जास्तच वेळ. मग पदराने फोनची काच पुसली आणि परत बघितला.

"रडू नको," शरीफा म्हणाली. "येईल."

"रडतेय कोण? उद्या रोह्याला जाते."

"कान्हूला आणायला?"

"डोळे काढणारा हवा ना कोणीतरी," धोंडुबाई म्हणाल्या.

सकाळच्या एसटीने त्या निघाल्या. वडखळला गाडी अडकली, तेव्हा कंडक्टरला चार शब्द ऐकवले. रोह्यात उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागला नाही. "नवं रंगकाम चाललंय तिथं" म्हटल्यावर तो थेट वरसेच्या रस्त्याला एका भल्यामोठ्या पत्र्याच्या शेडपाशी घेऊन आला. फाटकावर अजून पाटी लागली नव्हती.

कान्हू दारातच चहा पीत उभा होता. त्यांना बघताच त्याने पेला खाली ठेवला आणि वाट अडवली.

"काकू, तुम्ही कशाला आलात? मी उद्या येतोच. आख्खा रविवार देतो तुम्हाला. आत नका जाऊ, रंग ओला हाय."

"बाजूला हो, कान्हू. मी तुझ्यासाठी नाय आले."

त्या आत गेल्या. थंडगार हवा अंगावर आली. भिंतीला टेकवलेल्या नव्या पाटीवर 'स्नो पार्क, लवकरच सुरू' असं लिहिलं होतं. थर्माकोलचे डोंगर छतापर्यंत गेले होते, त्यांना निळसर रंग मारला होता. प्लास्टरचे सील ओळीने वाळत होते. खिळ्याला एक जाडजूड लाल कोट टांगला होता. मधोमध पाटावर पाठमोरा बसून एक जण पेंग्विनच्या डोळ्यात ठिपका ठेवत होता. पावलं ऐकून त्याचा कुंचला हवेतच थांबला, पण त्याने मान वळवली नाही.

धोंडुबाई त्याच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

"बर्फावर उजेड आभाळातून येतो, प्रणित, चमक खाली फक्त आपल्या घरात असते. जग बघायला निघालास आणि रोह्यापर्यंत पोचलास; आता ऊठ, गणपती कधीचे आंधळे बसलेत."