दाराची तालीम

"उघडलंस! परत उघडलंस!" डेल्बर्ट उंबऱ्यातच कडाडला. टोपीवरचा बर्फ त्याने झटकला, तो सगळा लव्हॉनच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. "बाहेर कोण होतं?"

"तूच होतास."

"मी नव्हतो! मी चार दिवसांचा उपाशी माणूस होतो. तसा आवाजही काढला होता."

"उपाशी माणसाला तुझ्यासारखाच खोकला होता, डेल."

डेल्बर्ट आणखी भडकला. एकतीस डिसेंबरला रात्री बारा वाजता देशातले सगळे कॉम्प्युटर दोन हजार सालाला एकोणीसशे समजणार, वीज जाणार, दुकानं ओस पडणार आणि खोऱ्यातली झाडून सगळी माणसं त्याच्याच दारात हात पसरणार, याबद्दल त्याच्या मनात वर्षभर तिळमात्र शंका नव्हती. तळघरात गव्हाच्या बादल्या छतापर्यंत रचून झाल्या होत्या. परसात हातपंप बसला होता. मागचं दार फळ्या ठोकून बंद केलं होतं, पुढच्याला आतून लोखंडी अडसर घातला होता. उरली होती फक्त बायको. तिचं मन मऊ होतं, आणि मऊ मनाला झाकण लावून तळघरात ठेवता येत नाही.

"नीट ऐक," तो म्हणाला. "त्या रात्री जो बाहेर, तो बाहेरचा. रडेल, देवाची शपथ घालेल, मी तुमच्यातलाच आहे म्हणेल. उघडायचं नाही."

"आणि तू असलास तर?"

"माझ्या पाठीला कुणी बंदूक लावलेली असली तर? मी परवलीचा शब्द सांगेन. शब्द बरोबर असला तरच अडसर काढायचा. दर महिन्याला नवा शब्द. पहिली तारीख लागताना, रात्री बाराच्या ठोक्याला जुना मेला. आणि शब्द तूच ठरव, मी ठरवलेलं तुझ्या लक्षात राहत नाही."

"डिसेंबरला 'क्रिस्टी' ठेवू."

डेल्बर्टने टेबलावर मूठ आपटली. "त्या नावाने माझं दार उघडणार नाही!"

क्रिस्टी त्यांची मुलगी. नवरा सोडून गेल्यापासून पोराला, कोडीला, घेऊन गावाबाहेर एका ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या लहानशा घरात राहत होती. आठवड्यापूर्वी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला आली, तळघरात डोकावली आणि म्हणाली, "डॅड, एवढा गहू? कोंबड्या पाळताय की काय?" डेल्बर्टने ताटातली टर्की तशीच टाकली आणि तिला दार दाखवलं.

"तिच्याकडे विजेचा हीटर आहे," लव्हॉन म्हणाली. "तुझं खरं ठरलं, तर कोडी गारठून मरेल."

"हसायच्या आधी विचार करायचा होता."

"कोडी चार वर्षांचा आहे, डेल!"

"तोही हसला."

लव्हॉनने हातातली बशी सिंकमध्ये अशी टाकली की तिची कपची उडाली. मग तिने नळ सोडला आणि पाठमोरीच उरलेल्या बश्या धुतल्या.

"ठीक आहे," अखेर ती म्हणाली. "'जायफळ' ठेव."

त्या दिवसापासून ती सुधारली. डेल्बर्टने बाहेरून पाद्र्याचा आवाज काढला, क्रिस्टीचा काढला, हुंदके देत कोडीचाही काढला. अडसर हलला नाही. एकदा त्याला खरोखरच घाईची लागली आणि नेमका शब्द आठवेना. त्याने हात जोडले, शिव्या दिल्या. शेवटी घराच्या मागे जाऊन बसावं लागलं. परतला तो मात्र खुशीत. "शाबास! आता तू तयार झालीस. त्या रात्री दया यायला लागली, तर माझा चेहरा आठवायचा."

"आठवेन," लव्हॉन म्हणाली.

एकतीसच्या रात्री त्याला घरात बसवेना. मागच्या टेकडीवरून अख्खं गाव दिसतं; ते विझताना त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. लव्हॉनने अडवलं नाही. स्वतःच्या हाताने मफलर गुंडाळला, थर्मास भरून दिला. "जा, बघून ये. वर्षभर वाट पाहिलीस. बंदूक मात्र घरात राहू दे."

बायको आता खरी शहाणी झाली, असं म्हणत तो टेकडी चढला.

बारा वाजले. गाव विझलं नाही. उलट कुणीतरी फटाके उडवले. डेल्बर्ट दात आवळून उभा राहिला. सगळं नको, पण एक गल्ली? एखादा खांब? खाली पेट्रोल पंपाची लाल पाटी त्याला चिडवल्यासारखी उघडझाप करत होती. त्या पाटीला, गावाला, कॉम्प्युटरवाल्यांना शिव्या घालत तो उतरला.

अंगणात गाडीच्या चाकांचे ताजे ठसे होते.

लुटारू! तो धावत पायऱ्या चढला, दारावर दोन्ही मुठी आपटल्या. "लव्हॉन! बरी आहेस ना?"

आत कुणीतरी खुदकन हसलं. "आजी, कोण आहे गं?"

"कुणी नाही रे बाळा. आपल्यातलाच आहे म्हणतोय."

डेल्बर्टने खाली पाहिलं. पायपुसण्याशेजारी इवलेसे लाल बूट होते.

"पुरे झालं!" तो ओरडला. "वीज गेलेली नाही! काही झालेलं नाही! उघड!"

"वीज आहे ना? मग क्रिस्टीचा ट्रेलर उबदार असेल. त्याची किल्ली तिथेच पायपुसण्याखाली आहे."

"हे माझं घर आहे!"

"बाहेरचे असंच म्हणतात. तूच सांगितलंस."

थंडीने त्याचे कान सुन्न झाले होते. आणि मग त्याला आठवलं. यावेळी अगदी वेळेवर, स्पष्ट आठवलं. नियम त्याचेच होते, तिला ते मोडता येणार नव्हते. दाराच्या फटीला तोंड लावून तो जिंकलेल्या आवाजात म्हणाला, "जायफळ!"



"तो डिसेंबरचा," लव्हॉन म्हणाली.