बारावा हात

"प्लीहा किती बोटं वाढलीय?" एमबीबीएसच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी खाटेशेजारी उभ्या असलेल्या मुलीला विचारलं.

"चार बोटं, सर. पण मी पोट तपासलं नाही."

"मग कळलं कसं?" माझा आवाज चढला.

"आधीच्यांची उत्तरं ऐकून चंद्रभागाबाईंनीच सांगितलं. सकाळपासून अकरा जणांनी त्यांचं पोट दाबलंय, त्यांना दुखतंय. तरी म्हणाल्या, 'दाब पोरी, नाहीतर तुझे मार्क जातील.' माझा हात धजेना, सर."

परीक्षेसाठी हा पेशंट मीच निवडला होता. इतकी सहज हाताला लागणारी प्लीहा क्वचित मिळते. आधीच्या अकराही जणांनी अचूक उत्तर दिलं होतं, पण बाईंचं नाव कुणाच्याच तोंडून आलं नव्हतं. मलाही ते आत्ताच कळलं होतं.

मुलीला मी तपासणीचे शून्य गुण दिले. नियमच तसा आहे. मग सवयीने माझा हात बाईंच्या पोटाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"चंद्रभागाबाई, तपासू का?" तीस वर्षांत पेशंटला हे मी पहिल्यांदाच विचारत होतो.

त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पोटावर पदर ओढून घेतला.