कोरं रिव्हॉल्व्हर
खंडेनवमीच्या पूजेसाठी निरंजनने कपाटातून रिव्हॉल्व्हर काढलं. डॅलसच्या गन शोमधून त्याने पारखून घेतलं होतं. मूळ खोक्यासकट, एकही गोळी न झाडलेलं. असं कोरं हत्यारच पुढे सोन्याच्या भावाने जातं. पाटावर ठेवण्याआधी त्याने नळीत पांढरी चिंधी फिरवली. ती काळीकुट्ट निघाली. “हे वापरलेलं आहे. मला त्या डीलरचा तेव्हाच संशय आला होता,” तो बायकोला म्हणाला. “असेल. मला काय कळतंय त्यातलं?” हळदीकुंकवाची कोयरी घेऊन केतकी शेजारी बसली. बंदुकीच्या नुसत्या नावाने तिला धडकी भरायची. कपाटाकडे ती फिरकल्याचंही त्याने कधी पाहिलं नव्हतं. आज तिने रिव्हॉल्व्हर उचललं, नळी भिंतीकडे वळवली, अंगठ्याने खटका दाबून गोळ्यांचं चक्र बाजूला काढलं, आतली घरं तपासली आणि तळव्याने अलगद बंद केलं. “रिकामं आहे,” ती म्हणाली. “लाव आता कुंकू.”