हात करा की

शिखराखालच्या कातळाशी म्हातारा थांबला. लेकीच्या कमरेला बांधलेला दोर त्यानं हातात घेतला, नाक मुरडलं, गाठ सोडली आणि पुन्हा मारली. सकाळी याच बोटांना सदऱ्याची बटणं लागत नव्हती. शेवटी तिनंच लावून दिली होती.

"ताई, कातळावरची साखळी धरा आणि पाय बघून टाका. घाबरायचं नाही, मी आहे."

तिनं साखळी धरली. ताई! वाटाड्याचं काम करताना वर न्यायच्या पाहुण्यांना तो असं अहो-जाहो करायचा. उभा जन्म त्यात गेला होता. अलीकडं एकेक माणूस त्याच्या डोक्यातून निसटत चाललं होतं. पाय धड आहेत तोवर एकदा वर नेऊन आणावं, म्हणून ती त्याला घेऊन आली होती. ती स्वतः मात्र पहिल्यांदाच चढत होती.

"बरं," ती म्हणाली.

तो पुढं झाला. त्याची काठी खालीच राहिली. कातळावर त्याचा हात कुठंच चाचपडत नव्हता.

माथ्यावर दोघं दगडाला टेकून बसली. त्यानं आधी तिला पाणी दिलं.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" तिनं विचारलं.

"बायको. आणि एक पोरगी आहे, एवढीशी. मला वर ने, मला वर ने, नुसता जीव खाते."

"मग आणत का नाही तिला?"

तो बराच वेळ दोर गुंडाळत राहिला.

"लोकांची पोरं आणतो हो. ही दोराला असली, की माझेच हात थरथरतील. तिला वाटतं, बापाला आपलं काही नाही." मग घाईघाईनं म्हणाला, "पण आणीन. पुढच्या उन्हाळ्यात नक्की आणीन."

तिनं तोंड फिरवलं.

"रडा, रडा," तो समजुतीनं म्हणाला. "वर आल्यावर पुष्कळ जण रडतात."

मग तो उठला आणि त्यानं खाली दरीकडं बोट दाखवलं. "ते नदीच्या वळणावरचं घर दिसतं का? ते आमचं. मी वर पोचायच्या वेळी पोर अंगणात येऊन उभी राहते."

त्यानं टोपी काढली आणि तो हात उंच करून जोरजोरात हलवू लागला.

"ताई, तुम्हीही हात करा की. तिला बरं वाटेल."

ती त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं हात वर केला.