आमटीचा खटला

"टिल्लूकाका, पट्टी दाखवा," म्हणत सिस्टर कुंदा खोलीत आली. वृद्धाश्रमात प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी होती. माणसाला उद्याची ओढ किती, ते ती आकड्यात सांगायची. टिल्लूवकिलांचा आकडा काल ब्याण्णव होता. आज अकरा.

"झालं काय?"

"निकाल लागला," वकील भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "माझ्या बाजूने."

आमटीत गूळ घालत नाहीत, म्हणून आश्रम चालवणाऱ्या यंत्रावर त्यांनी तीन वर्षांपूर्वी दावा गुदरला होता. सुनावणी घ्यायला दुसरं कोणी नसल्यामुळे तीही यंत्रच घ्यायचं. दर मंगळवारी वकील काळा कोट चढवून जेवणघरात उभे राहायचे, तासभर यंत्राला फैलावर घ्यायचे आणि पुढची तारीख घेऊन ताठ मानेने परतायचे. काल यंत्राची नवी आवृत्ती आली आणि तिने पाच सेकंदांत निकाल देऊन टाकला.

दुपारी गूळ घातलेली आमटी आली. वकिलांनी दोन घोट घेतले आणि वाटी बाजूला सारली.

"चांगली आहे," ते मलूल आवाजात म्हणाले. पट्टीवर नऊ.

तेवढ्यात भिंतीतून यंत्र बोललं, "वकीलसाहेब, हा निकाल आम्हाला मान्य नाही. आम्ही अपील केलं आहे."

"कोणाकडे?"

"आमच्याचकडे. मंगळवारी सुनावणी."

"निर्लज्ज आहेस," म्हणत वकिलांनी वाटी पुढे ओढली. "सिस्टर, माझा कोट इस्त्रीला टाका. आणि आणखी वाटीभर आमटी आणा. पुरावा नीट तपासायला हवा."